एका इंचाचा संशय

ताईमास्तर कापड बेतायच्या ते पडद्याआड. दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढचा भाग गिऱ्हाइकाचा, मागचा त्यांचा, आणि मध्ये दांडीवर सरकणारा जाड करडा पडदा. पुढे धाकटा भाऊ गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायचा आणि आकडे मोठ्याने सांगायचा. "छाती बेचाळीस. कंबर अडतीस. बाही चोवीस." मागे ताईमास्तर आकडा कानावर पडताच तो खडूने थेट कापडावर उतरवायच्या. पुठ्ठ्याचा नमुना नाही, कागदावर टिपण नाही. गिऱ्हाईक बाहेर पडून कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचा कोट टेबलावर तुकड्यांमध्ये पडलेला असे.

ही व्यवस्था वडिलांची. मुलीच्या हाताला कात्री आणि मुलाच्या हाताला सुई शोभते हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. पण बाईने पुरुषाच्या छातीला टेप लावलेला गिऱ्हाइकांना चालेना, म्हणून पडदा आला. वडील गेले, गिऱ्हाइकं बदलली, पडदा राहिला. लोक गमतीने म्हणत, इथे कोट रेडिओवर ऐकून बेततात. ताईमास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. पडद्याला एक फट होती आणि त्यांचा डोळा टेपपेक्षा तयार होता. माणूस उंबऱ्यात उभा राहिला की त्याची छाती किती हे त्यांना आधीच कळलेलं असायचं. धाकट्याचा आकडा म्हणजे त्यावरचा नुसता शिक्का.

धाकटा म्हणजे चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला गृहस्थ, पण गल्लीच्या लेखी तो अजून धाकटाच होता. त्याची बायको काजं-बटनं आणि इस्त्री सांभाळायची. तिची जीभ इस्त्रीइतकीच तापलेली असायची आणि तितकीच उपयोगी. ताईमास्तरांना ती 'वन्सं' म्हणे आणि त्यांच्याशी भांडणारी गल्लीतली ती एकटीच.

टेबलाखाली टाचणी असायची. टाचणी ही दुकानाची कुत्री. ताईमास्तर दिवसभर उभ्या, आणि टाचणी दिवसभर त्यांच्या पावलांवर झोपलेली. उन्हाळ्यात तिच्या अंगाला गोचिडी व्हायच्या. दुपारी मशीन थांबलं की ताईमास्तर बुटक्या स्टुलावर बसत, कुत्रीचं डोकं मांडीवर घेत आणि कानामागून बोटं फिरवत. कापडातली गाठ न बघता सापडणारी ती बोटं. त्यांना गोचीड लगेच सापडायची. उपटायची, टेबलाच्या कडेवर ठेवायची, अंगठ्याच्या नखाने चिरडायची. लाल ठिपका चिंधीने पुसायचा. गोचीड काढायची असं ठरवून त्या बसत नसत. कातरणीतले दोरे झटकावेत, तसं ते काम होतं.

"वन्सं, हात धुवा," भावजय म्हणायची.

"पुसले की."

"चिंधीला पुसणं म्हणजे धुणं नव्हे."

"कापडाला डाग लागला आजवर? मग."

त्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. अंग मोडून काढणारा, डोळ्यांच्या मागे ठणकणारा ताप. गुडघ्याच्या मागे एक काळी खपली होती, मोहरीच्या दाण्याएवढी. इस्त्रीचा चटका असेल, असं त्या म्हणाल्या. इस्त्री गुडघ्याच्या मागे कशी पोचली हे कोणी विचारलं नाही. तापाच्या गोळ्या घेतल्या, घाम आला, अंगावर उठलेल्या पुळ्या मावळल्या. ताप गेला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि ताईमास्तर टेबलाशी उभ्या राहिल्या.

आधी शब्द गेले. सगळे नाहीत, अधूनमधून एखादा. "ते दे ना, ते गोल, भोकाचं," त्या भावजयीला म्हणाल्या.

"बटन?"

"हां, तेच."

दोघी हसल्या. पुढच्या वेळी भावजय एकटीच हसली.

मग आवाज वाढले. मशीन तेच होतं, पण त्याचा आवाज आता दाढेत शिरायचा. मग झोप तुटली. मग राग आला. ताईमास्तरांना आधी राग नव्हता असं नाही. गल्लीने मागून त्यांचं नाव 'कात्री' ठेवलं होतं ते उगाच नव्हे. पण तो राग कामाचा होता, त्याला कारण असे आणि कारण मिटलं की तोही मिटे. हा नवा राग त्यांच्या आधी उठून बसलेला असायचा आणि दिवसभर कारण शोधत फिरायचा. एकदा इस्त्रीची वाफ पाहून त्यांना रडू आलं. वाफेत रडण्यासारखं काय असतं? हे त्या स्वतःलाच विचारत राहिल्या, आणि रडत राहिल्या.

शेजारणींनी निदान केलं. एक म्हणाली, वय. दुसरी म्हणाली, लग्न केलं नाही की पन्नाशीत असं वर येतं. तिसरी म्हणाली, दोन्ही. गल्लीतल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, थकवा म्हणाले आणि ताकदीचं औषध दिलं. ताप कोणालाच आठवला नाही. तो जाऊन ऋतू बदलला होता. निरोप घेऊन गेलेल्या पाहुण्याने घरातलं काही नेलं असेल, असं कोण मनात आणतं?

शेवटी आला तो संशय.

तो आवाजातून आला. धाकटा पडद्यापलीकडून आकडा सांगायचा आणि ताईमास्तरांना वाटायचं, त्या आवाजाला एक कड आहे. हसू दाबलेला माणूस बोलतो तशी. एके दिवशी तो म्हणाला, "छाती चाळीस," आणि त्यांच्या मनात स्वच्छ उमटलं: खोटं. एक्केचाळीस आहे. हा मला इंच कमी सांगतोय. का? कारण त्यांना लगेच सुचलं. कोट तंग व्हावेत, गिऱ्हाइकांनी तक्रार करावी, ताईचा हात गेला असं लोकांनी म्हणावं, आणि मग याने बाहेरून पगारी कापणारा आणून बसवावा. सगळं कसं जुळत होतं. आजारी मनाची हीच खोड असते. त्यात काही सुटं राहत नाही, प्रत्येक टोक कुठेतरी शिवलेलं असतं.

त्यांनी भांडण केलं नाही. खडू उचलला आणि गुपचूप एक इंच वाढवला.

इथून पुढे जे झालं ते फक्त या दोन भावंडांतच होऊ शकलं असतं.

कोट ढगळ होऊ लागले. धाकट्याच्या हे पहिल्याच कोटाला लक्षात आलं. त्याला वाटलं, ताईची नजर उतरली. चष्मा लागला असेल, सांगायला लाजत असेल. ताईला 'चुकलीस' म्हणणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं. लहानपणी तिने त्याच्या वाटणीचा मार खाल्ला होता, तोंडातून अवाक्षर न काढता. त्याने शिवण थोडी आत घेतली आणि कोट बरोबर करून दिला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. शिवणी जाड व्हायला लागल्या, अस्तर गोळा होऊ लागलं. मग त्याला एक सोपी युक्ती सुचली. एक्केचाळीस असलं की तो चाळीस सांगू लागला.

म्हणजे ताईमास्तरांचा संशय आता खरा झाला.

त्यांनी फटीतून पाहिलं. माणूस त्रेचाळीसचा, आणि आवाज आला, "बेचाळीस." तर मग. त्यांनी दोन इंच वाढवले. त्याने दोन कमी केले. कोट मात्र अचूक बसत होते. गिऱ्हाइकं खूश होती. एक तर म्हणाला, "तुमच्या दुकानाचा हात हल्ली आणखी सुधारलाय." पडद्याच्या अलीकडे एक माणूस आकडा कमी करत होता, पलीकडे एक बाई तो वाढवत होती, आणि मध्ये बिनसुरकुतीचा कोट तयार होत होता. आजार असा व्यवस्थित कपडे घालून हिंडत होता.

हे उघड झालं चौकातल्या चष्मेवाल्यामुळे. तो पट्ट्यापट्ट्याचं नवं कापड घेऊन आला होता, हात आडवे पसरून उभा होता आणि मुलाच्या परीक्षेचं काहीतरी सांगत होता. धाकट्याने टेप छातीभोवती घेतला आणि सांगितलं, "छाती चाळीस."

पडदा बाजूला झाला. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक उभं असताना तो पहिल्यांदाच बाजूला झाला. ताईमास्तर पुढे आल्या, धाकट्याच्या हातातून टेप काढून घेतला आणि चष्मेवाल्याच्या छातीभोवती गुंडाळला.

"वाच," त्या म्हणाल्या.

धाकटा वाचेना.

"मोठ्याने वाच. तुला आवाज आहे ना?"

"बेचाळीस," धाकटा म्हणाला.

"मघाशी किती म्हणालास?"

"ताई, आत चल. आत बोलू."

"मी हात खाली घेऊ का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"घ्या," दोघं एकदम म्हणाले.

त्याने हात खाली घेतले, कापडाची घडी उचलली आणि "सावकाश होऊ द्या, मला घाई नाही," असं म्हणत तो मागे पावलं टाकत बाहेर गेला. भावजयीने इस्त्री उभी करून ठेवली.

"मला वेड लागलंय म्हणता ना सगळे?" ताईमास्तरांच्या आवाजात विजय होता. "कुजबुजता ना वर माडीवर? तू मला इतके महिने खोटं माप सांगतोयस. मला कळत होतं. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

धाकटा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. त्याने कबूल केलं. कोट ढगळ यायला लागले, ताई. मला वाटलं तुझी नजर गेली. शिवण किती आत घेणार? म्हणून मी आकडा कमी सांगायला लागलो. तुला सांगायला जीभ रेटली नाही.

"ढगळ कधीपासून यायला लागले?"

"तुला ताप येऊन गेला ना, त्याच्यानंतर काही दिवसांनी."

"आणि तू कमी सांगायला कधी लागलास?"

"त्याच्यानंतर. तीन-चार कोट मी आत घेतले, मग."

ताईमास्तर उभ्याच होत्या. हातातला टेप त्यांनी बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. त्या हिशेब मांडत होत्या, आणि असले हिशेब त्यांना अजून येत होते. त्यांनी पहिला इंच वाढवला तेव्हा धाकटा खरं बोलत होता. ज्या आकड्यावर 'खोटं' असं त्यांच्या मनात स्वच्छ उमटलं होतं, तो आकडा खरा होता. खोटेपणा नंतर आला. त्यांनीच तो बोलावून घेतला.

"म्हणजे आधी मी," त्या म्हणाल्या.

त्या धाकट्याकडे वळल्या.

"चाळीस म्हणालास, ते चाळीसच होतं. आणि मला दिसलं एक्केचाळीस. दिसलं म्हणजे, डोळ्यांनी नव्हे." त्यांनी कपाळाला हात लावला. "इथे दिसलं."

मग त्या मागे गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. वडिलांच्या हातची ती मोठी, काळ्या मुठीची कात्री. तिला दुसरं कोणी हात लावत नसे. त्यांनी ती भावजयीच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"वन्सं, अहो, असं काय."

"ठेव म्हटलं ना. आणि मला कोणीतरी चांगल्या डॉक्टरकडे न्या. जीभ बघणाऱ्याकडे नको."

कापड बेतणाऱ्या माणसाजवळ असतं तरी काय? कात्रीची धार गेली तर लावून आणता येते. नजर गेली तर चौकात चष्मेवाला बसलेला आहे. पण आकडा ऐकला आणि तो खरा की खोटा हेच डोक्याला ठरवता येईना, तर हात कशाच्या जोरावर चालवायचा? ताईमास्तरांना कात्री परत हवी होती. त्यासाठी स्वतःच्या डोक्यावर पुन्हा विसंबता यायला हवं होतं. त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच होता, आणि तो त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तशाच शब्दांत विचारला.

त्या मनाच्या डॉक्टर होत्या. तरुण, सर्दी झालेल्या, सारखा रुमाल शोधणाऱ्या. त्यांनी लग्नाचं विचारलं नाही, वयाचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हे सुरू होण्याच्या आधी तुम्ही आजारी पडला होतात का?"

"नाही," ताईमास्तर म्हणाल्या.

"ताप आला होता की," धाकटा म्हणाला.

"तो गेला."

"आणि गुडघ्याच्या मागे ती खपली," भावजय म्हणाली. "काळी. आणि वन्सं, कुत्रीच्या गोचिडी तुम्ही नखाने चिरडता ते सांगा. सांगा, सांगा. मी ओरडून दमले."

डॉक्टरांचा रुमाल नाकाशीच राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, कधी, किती दिवस, अंगावर पुळ्या होत्या का. मग शेजारच्या खोलीतल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. रक्त घेतलं, डोक्याची तपासणी झाली. उत्तरं यायला वेळ लागला, आणि आली तीही गोचिडीच्या तापाकडेच बोट दाखवणारी.

"ताप अंगातून जाताना दार लावून जातोच असं नाही," मनाच्या डॉक्टर म्हणाल्या. "या तापाचा परिणाम काही लोकांच्या मेंदूवर राहतो. झोप, राग, रडू, शब्द न आठवणं. लोकांना वाटतं स्वभाव बिघडला. तो स्वभाव नसतो."

"आणि संशय?"

"तोही."

"पण त्यातला अर्धा खरा निघाला."

डॉक्टर हसल्या आणि मग खोकल्या. "तोच तर तुमच्या केसमधला घोटाळा आहे. बाकीच्यांचा संशय खोटा निघतो, आम्हाला समजूत घालता येते. तुमच्या भावाने तुमचा खरा करून ठेवला."

धाकटा जमिनीकडे बघत होता. "माझ्या हातून पाप झालं," तो म्हणाला.

"पाप कसलं? तुम्ही शिवण आत घेतलीत. पण आता घेऊ नका. एवढंच औषध तुमच्याकडून हवं. ढगळ असेल तर ढगळ म्हणा."

"मी पुन्हा बेतू शकेन का?" ताईमास्तरांनी विचारलं.

"बरंच परत येतं. सगळं येईलच असं मी लिहून देणार नाही. आणि संशय आला तर तो मनात ठेवून वाढवू नका. ज्याच्याबद्दल आला त्यालाच तोंडावर विचारा. कितीही वेळा. त्यांनी चिडायचं नाही."

"हा चिडत नाही," ताईमास्तर म्हणाल्या. "तीच तर याची खोड आहे."

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या बरेच दिवस चालल्या. मनाच्या डॉक्टरांनी झोपेसाठी वेगळ्या दिल्या आणि नुसतं बोलायला बोलावलं. ताईमास्तरांना बोलण्याचा कंटाळा. पहिल्या काही भेटींत त्यांनी डॉक्टरांच्या कोटाचा मुंढा, जिथे बाही खांद्याला जोडतात तो, कसा चुकलाय तेवढंच सांगितलं. डॉक्टरांनी तेही ऐकून घेतलं. मग कधीतरी ताईमास्तर म्हणाल्या, "मला भीती वाटते की मी जिला पन्नास वर्षं ओळखत होते ती बाई तापात गेली," आणि तिथून खरं बोलणं सुरू झालं.

दुकानात पहिलं काम त्यांनी स्वतः केलं. पडदा काढला. दांडी काढली, भिंतीतली भोकं लांबी भरून बुजवली, आणि त्या करड्या कापडाची टाचणीसाठी जाड गादी शिवून घेतली. धाकट्याचा विचार वेगळा होता. कुत्री कोणाला तरी देऊन टाकावी, असं तो हळूच म्हणाला.

"ती काय वाहत होती हे तिला ठाऊक होतं का?" ताईमास्तर म्हणाल्या. "मला तरी कुठे होतं? जनावरांच्या डॉक्टरकडे ने. औषध लाव. आणि चिमटा आण."

आता गोचीड चिमट्याने निघते, साबणाच्या पाण्यात पडते, आणि नंतर भावजय स्वतः उभी राहून त्यांना हात धुवायला लावते. त्या धुतात. तोंड वाकडं करतात, पण धुतात.

कात्री भावजयीच्या कपाटात होती, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. बेतायचं काम तोवर धाकटा करायचा, रडतखडत, पुठ्ठ्याचे नमुने ठेवून. ताईमास्तर त्याच्या शेजारी बसून अस्तरं जुळवायच्या. मधूनच उठायच्या.

"दे गं कात्री."

"आज कोणावर राग आहे?" भावजय विचारायची.

ताईमास्तर विचार करायच्या. खरोखर विचार करायच्या. हे त्या डॉक्टरांकडे शिकल्या होत्या. "मशीनवर. आणि थोडा तुझ्यावर."

"मग उद्या या."

कधी त्या चिडून वर निघून जात. कधी हसत. एका दिवशी भावजयीने तोच प्रश्न विचारला आणि त्या म्हणाल्या, "कोणावर नाही. झोप चांगली लागली." भावजयीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग माडीवर गेली आणि कात्री घेऊन खाली आली. आधी त्यांनी जुन्या चादरी कापल्या. मग अस्तरं. मग धाकट्याच्या विजारी, कारण त्या बिघडल्या तरी तक्रार करणारा घरचाच होता.

पूर्वीच्या ताईमास्तर परत आल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. पूर्वी अख्ख्या कोटाचे आकडे एका ऐकण्यात राहत, आता त्या मध्येच म्हणत, "थांब, बाही पुन्हा सांग." काही दिवस अजूनही वाईट जात, आणि तशा दिवशी त्या कात्रीला हात न लावता अस्तरांकडे वळत. पण कोणता दिवस कसला आहे, हे आता त्यांचं त्यांना कळत होतं.

मग चष्मेवाला पुन्हा आला, त्याच पट्ट्यांच्या कापडाची घडी घेऊन.

"मागच्या वेळी माझी छाती किती ते कळलंच नाही," तो म्हणाला. "या वेळी दोघांनी मोजा. वाद झाला तर मध्यस्थी मी करतो."

पडदा नव्हता. ताईमास्तर टेबलाशी उभ्या राहून सरळ बघत होत्या. धाकट्याने टेप लावला.

"छाती बेचाळीस."

"खरं?"

"खरं."

"मी साक्षीदार," चष्मेवाला म्हणाला.

त्यांनी खडू टेकवला. कापड पट्ट्यांचं, म्हणजे दुहेरी घालून एकदम कापता येत नाही. पट्टीला पट्टी जुळवत एकेक तुकडा वेगळा आखावा लागतो. त्यांनी पुढचे भाग आखले, पाठ आखली. हात चालत होता. चष्मेवाला गेला आणि भावजयीने शेजारणीच्या नव्या सुनेची गोष्ट सुरू केली. सुनेने सासूला चष्मा लावून द्यायला नेलं, आणि सासू चष्मा लावून पहिल्यांदा म्हणाली ते, "अगं, तू दिसतेस अशी होय?" ताईमास्तर खळखळून हसल्या. कात्री हसतच बाह्यांमधून गेली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने कोट जोडायला घेतला. पुढचे भाग बरोबर बसले, पाठ बरोबर. त्याने एक बाही उचलली, मग दुसरी. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्या. मग फिरवून पाहिल्या.

ताईमास्तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कोणाच्या तरी खिशांची झाकणं कापत होत्या. धाकट्याच्या मनात जुनी वाट आपोआप उघडली. कापडवाला जवळच आहे. थोडं कापड आणावं, संध्याकाळी ताई वर गेली की नवी बाही कापावी. कळणार नाही. इतक्या महिन्यांनी तिने पहिला कोट कापलाय. एवढ्यासाठी तिचा धीर कशाला मोडायचा? तो त्या दोन बाह्या हातात धरून उभा राहिला. भावजयीला ते दिसलं आणि तिची इस्त्री कापडावर थांबली; जळका वास आला तेव्हा तिने ती उचलली.

"ताई," धाकटा म्हणाला.

"हं."

"दोन्ही डाव्या आहेत."

ताईमास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्या आल्या, बाह्या हातात घेतल्या, टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. दोन डाव्या बाह्या. दोन्हीवर पट्ट्या सुरेख जुळलेल्या, आणि दोन्हींचा मुंढा एकाच बाजूला वळलेला. कापडाला सुलटी बाजू असते, उलटून चालत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की त्या बाह्यांकडे बघतायत. त्या आत बघत होत्या. अंधाऱ्या खोलीत कोणी बसलंय का हे दारातून पाहावं, तशा. आणि विचार आलाही. तो उंबऱ्यात उभा होता, ओळखीचा, नीटनेटका: याने रात्रीतून बदलल्या.

"तू बदलल्यास?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही, ताई."

त्यांनी बाही उलटली. कडेला खडूची रेघ अजून होती, मुंढ्याशी जरा उचललेली. अशी रेघ या गावात एकच हात ओढायचा. ती रेघ बघता बघता त्यांना आठवलं: पहिली बाही आखली, कापली. मग सासू म्हणाली, अगं, तू दिसतेस अशी होय. हसता हसता पहिलीवरून दुसरी आखली, आणि तुकडा उलटून ठेवायचा राहिला. शिकाऊ पोरं पहिल्या वर्षी करतात ती चूक. प्रत्येक कापणाऱ्याने कधीतरी केलेली.

विचार अजून उंबऱ्यातच होता. मग तो तिथे नव्हता.

"हे तापाचं नाही," त्या म्हणाल्या.

"मग कशाचं?" भावजयीने सावधपणे विचारलं.

"गप्पांचं."

"म्हणजे आता माझ्यावर."

"तुझ्यावर कशाला? कात्री कोणाच्या हातात होती?" त्यांनी दोन्ही बाह्या पुन्हा एकमेकींवर ठेवल्या आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. धाकट्याला वाटलं आता रडतील, तो पुढे झाला, पण त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं. "चूक माझी आहे रे. माझी स्वतःची. इतक्या दिवसांनी."

त्यांनी एक बाही घडी करून पिशवीत टाकली, पट्टी जुळवायला लागेल म्हणून. चपला घातल्या. कापडवाल्याचं दुकान तीन घरं सोडून होतं, आणि गल्लीत ती वेळ वर्दळीची होती.

"मी जाऊ का?" धाकट्याने विचारलं.

"तू का? तू कापलीस?"

त्या रस्त्यावर आल्या, ओळखीच्या माणसांना मान हलवत चालत गेल्या आणि कापडवाल्याच्या फळीवर ती बाही पसरली.

"याच पट्ट्यांचं द्या. एक बाही निघेल एवढं."

कापडवाल्याने बाही उचलली. "काय झालं? डाग पडला?"

"नाही. दोन डाव्या कापल्या."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ती ऐकत होती.

"धाकट्याने?" त्याने आवाज खाली आणून, त्यांची सोय करून दिल्यासारखं विचारलं.

"मी," ताईमास्तर म्हणाल्या, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मोजा."